बेंदराच्या दिवशीचे जू

ओढ्यापलीकडची वस्ती, निपाणीजवळ
ता. २९ जून १९३२

तीर्थरूप भावकूअण्णा यास,

धाकट्या शामूचा सलाम. देवाच्या कृपेने इकडे सर्व बरे. आमच्या साराचा घसा आता बरा होत आहे. काल तिने दूधभात खाल्ला आणि आईशी भांडलीसुद्धा. मध्ये एवढासा ओढा असताना मी पत्र लिहितो याचे तुला हसू येईल. पण तू चौथी शिकलेला आहेस. हे स्वतःच वाच, दुसऱ्याकडून वाचून घेऊ नकोस.

परवा मी बैल घेऊन तुझ्या बांधावर आलो होतो. वाफसा चांगला आहे, तुझा ढवळ्या अजून पाय टेकत नाही आणि एका बैलावर पेरणी होत नाही. माझ्या बैलांना पाणी दाखवलेस, वैरण टाकलीस, पाठीवरून हात फिरवलास आणि त्यांची तोंडे माझ्या घराकडे वळवून कासरा माझ्या हातात दिलास. माझ्याकडे पाहिले नाहीस.

बेंदराला मी ख्रिस्ती मंडळीच्या सभेसाठी गाडी घेऊन बेळगावला गेलो होतो. मागे साराला घटसर्पाने धरले. तिची आई राजाबाई तुझ्या दारात धावली तेव्हा तुझे बैल अंघोळ करून, शिंगे रंगवून ओवाळून घ्यायला उभे होते. वर्षातला हा एक दिवस त्यांच्या मानेवर कोणी जू ठेवत नाही. तू ठेवलेस. शेजारचा परशराम ओरडला म्हणे, "आरं भावकू, खुळा झालास व्हय? सणाला जू?" तू म्हणालास, "बैलास्नी उद्या ववाळतो. पोरगी उद्यापतोर थांबायची न्हाय."

दवाखान्यात विचारले, रोग्याचा तू कोण? "चुलता लिवा, न्हायतर गाडीवाला लिवा, पर आदी पोरीला बगा." हे सांगताना राजाबाई हसली, मग पदर तोंडाला लावून पुष्कळ वेळ रडली. ढवळ्याचा पाय त्याच धावेत ओढ्यातल्या दगडांत अडकला.

अण्णा, पंधरा वर्षे मी मंडळीत सांगत आलो की विश्वास हातापायांत उतरला पाहिजे. जो उतरतो तोच माणसाला तारणापर्यंत नेतो, बाकीचा मेलेला. लोक माना डोलावत. मी त्यांच्याहून जास्त.

आता त्या रविवारचे लिहितो.

आठ वर्षे झाली. अंबूवहिनी तीन दिवस अडली होती, तुझ्या गाडीचा आस मोडला होता आणि तू माझ्या दारात आलास. मी म्हणालो, आज प्रभूचा दिवस आहे, बैल जुंपत नाही, प्रार्थना करतो. पाळकसाहेबांनी मागाहून विचारले, "शामू, हे तुला कोणी शिकवलं?" कोणीच नाही. प्रभूने शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या, दिवशीच आजारी माणसे बरी केली, ते मला तोंडपाठ होते.

खरे असे की त्याच महिन्यात आबा गेले होते. तिरडीला खांदा द्यायला मी पुढे झालो तेव्हा तू चारचौघांत म्हणालास, "सर मागं. तू आता आमचा न्हाईस." ते मला सलत होते. रविवार मला आयता सापडला. मला तुला रिकाम्या हाताने परत जाताना बघायचे होते. एवढेच, वहिनीचे वाईट मी चिंतले नव्हते, असे मी आजवर स्वतःला सांगत आलो.

तुम्ही चौघांनी तिला बाजेवर घालून नेले. वाट माझ्या दारावरून होती. आत आम्ही गीत म्हणत होतो.

बेंदराला दवाखान्याच्या वाटेवर तू राजाबाईला म्हणालास, "शामूला तवा ऐकाय गेलं नसंल. गानं चाललंतं न्हवं." आठ वर्षे तू ही एक सबब माझ्यासाठी राखून ठेवलीस. ती मला सोसवत नाही, म्हणून हे पत्र.

मला ऐकू गेले होते. आईच्या मागे जिने मला भरवले, ती दोनदा म्हणाली, "शामूभावजी, गाडी जुपा की वो." शेजारी बसलेल्याने माझ्याकडे पाहिले. मग मी आवाज चढवला. दारावरून बाज पुढे जाईपर्यंत मी मोठ्याने गात राहिलो. निपाणीची वेस दिसायच्या आत ती पोटातल्या जिवासकट गेली, हे मला संध्याकाळी कळले.

हे वाचल्यावर माझ्या पोरीसाठी बैल जुंपल्याचा तुला पस्तावा झाला तर तो मी समजेन. क्षमा माग म्हणून माझे मन म्हणते, पण ती मागायला तोंड नाही. उद्या उजाडताना बैल घेऊन बांधावर येतो. परत पाठवलेस तर परवा येईन, तेरवाही येईन. ओल आहे तोवर तुझे रान मला पेरू दे, एवढेच माझे मागणे देवापाशी आहे आणि तुझ्यापाशी.

वहिनीची हाक ऐकूनही न उठलेला,
तुझा पाठचा भाऊ
शामू