रीड ओल्या ठेवायचं यंत्र

सोमवार, ता. ७

चि. बुलबुल हिस आत्याचे अ. उ. आ. वि. वि.,

तुझं क्लॅरिनेट मिळालं. एक स्प्रिंग मोडली आहे आणि पॅड चिकट झालेत. वाजवण्याआधी सरबत पितेस का गं? सतराव्या वर्षी दात घासायला सांगायची वेळ आणू नकोस. आठवड्याभरात नवं करून देते, वाद्यवृंदाची निवड चाचणी निर्धास्त दे.

आता खरी गंमत. तुझ्या केसमध्ये रीडच्या पट्ट्यांच्या डबीखाली एक गुलाबी यंत्र सापडलं. रीड ओल्या ठेवायला असलं काही निघालंय हे आम्हा म्हाताऱ्यांना कोण सांगणार? जन्मभर फुंकत आलेली मी, आधी फुंकूनच पाहिलं. ढिम्म. मग आत ओढलं तर टरबुजाच्या वासाची वाफ आली आणि असा ठसका लागला, की कारागीर पाणी घेऊन धावला. माणसाला जोरकस असली तरी रीडला मानवत असेल.

सध्या ते दुकानाच्या दर्शनी कपाटात मांडलंय. शनिवारी शाळेच्या बँडची बारा मुलं दुरुस्ती बघायला येणार आहेत, त्यांनाही दाखवीन. कुठे मिळतं ते कळव, दहा-बारा मागवते. दादाचा फोन आला की त्याच्या लेकीच्या हुशारीचं कौतुकही सांगते.

लोभ आहे, पत्रांनी वाढव.
आत्या

बुधवार, ता. ९

ती. आत्यास शि. सा. न., आणि या वेळी खरंच जमिनीला डोकं टेकून.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग ते पुन्हा वाचलं. मघाशी फोन केला, जेवलीस का एवढंच विचारलं आणि ठेवून दिला. तोंडानं सांगवेना.

ते रीडचं यंत्र नाही. ते वेप आहे, माझं आहे, घाईत केसमध्ये राहून गेलं, आणि त्या वाफेत निकोटिन असतं. वसतिगृहात चौघींनी गंमत म्हणून सुरू केलं. तिघींनी सोडलं, मी राहिले. सिगारेट थोडीच आहे, नुसती वाफ, असं मीच मला समजावत होते. आता सकाळी डोळे उघडायच्या आत हात उशीखाली जातो. गेल्या आठवड्यात सरावात लांबवलेला सूर मधेच तुटला. सरांनी सर्दी झाली का विचारलं, मी हो म्हणून टाकलं.

हे कोणालाही विकणं गुन्हा आहे, आणि मी तर अजून अठराचीही नाही. वसतिगृहासमोरचा स्टेशनरीवाला वय विचारत नाही, चव विचारतो. आणि तू तर ते मुलांपुढे मांडून बसली आहेस. कोणी तक्रार केली तर माझ्यापायी तुझ्या दुकानाला टाळं लागेल. मला हवं तेवढं रागाव, बाबांनाही सांग, पण शनिवारच्या आत ते कपाटातून काढ.

लोभ उरला असेल तेवढा पुरे.
बुलबुल

रविवार, ता. १३

चि. बुलबुल हिस आशीर्वाद पूर्वीइतकेच, हवे तर मोजून घे.

पत्र शुक्रवारी आलं. दुकानातच वाचलं. राग आला, आणि तुझ्यापेक्षा स्वतःचा जास्त आला. चाळीस वर्षं फुंकवाद्यं दुरुस्त करते आणि घरच्या पोरीचा श्वास मला कळला नाही.

कपाट लगेच रिकामं केलं. पण शनिवारी मुलं आल्यावर कागदावर त्या यंत्राचं वेडंवाकडं चित्र काढून हे काय म्हणून विचारलं. बारापैकी नऊ हात वर गेले. त्या खोलीत माझ्याइतके अडाणी तिघंच. माझ्या ठसक्याची हकिकत सांगितली तेव्हा पोट धरून हसली सगळी. तुझं नाव न घेता त्या तुटलेल्या सुराचं सांगितलं, तेव्हा हसणं थांबलं.

स्टेशनरीवाल्याची तक्रार मी माझ्या नावानं केली आहे. बुधवारी तिकडे येते, आपण डॉक्टरांकडे जाऊ. ही सवय एकटीनं रेटून सोडायची नसते. दादाला मात्र तूच सांगायचंस, मी शेजारी बसेन. चाचणी या वर्षी हुकली तर हुकू दे.

मुलं गेल्यावर सॅक्सोफोनवाली एक मुलगी मागे रेंगाळली, असेल तेरा वर्षांची. बुटातून तसलंच एक काढून तिनं माझ्या टेबलावर ठेवलं आणि आईला सांगणार का, असं विचारलं. तूच सांग, असं मी म्हटलं; आमच्या घरातल्या एका मुलीनं परवाच सांगितलं आणि ती अजून आमचीच आहे, हेही सांगितलं. बुलबुल, तुझं पत्र एक दिवस उशिरा आलं असतं, तर याच पोरीला मी ते यंत्र रीडसाठी फार चांगलं म्हणून दाखवलं असतं.

लोभ आहेच, तो तुला मागावा लागायचा नाही.
आत्या