बेचाळिसावी पट्टी

आप्पा, तुमचा मासोळी गेला. गेल्या आठवड्यात. नव्वदीला पोचला होता, झोपेतच गेला म्हणे. निरोप आला तेव्हा सून म्हणाली रिक्षा करून देते, पण एकट्या बाईसाठी कर्वेनगरापासून कसब्यापर्यंत रिक्षा कशाला, म्हणून मी बसनेच गेले. त्यांच्या घरी देव्हाऱ्याच्या शेजारी तुमचा फोटो आहे, खाकी कपड्यातला, लष्करातून हवालदार म्हणून सुटलात तेव्हाचा. त्याला ताजा हार होता. त्याची सून सांगत होती, मामंजी रोज आधी देवाला आणि मग कमांडरला हात जोडायचे, कमांडरनी मला फासावरून उतरवलं म्हणायचे. मी चहाचा कप धरून नुसती मान हलवत होते, फोटोला मात्र मला हात जोडवले नाहीत. मॅट्रिकच्या वर्षीचं सगळं पुन्हा समोर आलं. घरी येऊन माळ ओढायला बसले, जपात मन लागेना. मग जुन्या डायरीतली कोरी पानं काढली. तुम्हाला जे कधी सांगितलं नाही ते एकदा लिहून तरी काढावं म्हणून.

स्वातंत्र्य मिळून दहा-बारा वर्षं झाली असतील तेव्हा. नदीला पूर आला की दोन-चार माणसं जायचीच, आणि विसर्जनाला एखादं पोर. पेन्शन घेऊन घरी आल्यावर तुम्ही पेठेतली पोहणारी माणसं जमवलीत. भोई होते, मासोळी त्यांच्यातलाच, शिंपी होते, पोस्टातले दोन कारकून होते, एक तर चक्क भिक्षुकी करणारा होता. रोज सकाळी घाटालगतच्या मोकळ्या जागेत त्यांची कवायत. पेठेने लगेच नाव ठेवलं, आप्पांची सेना. "काय कमांडर, आज कुठल्या देशावर स्वारी?" असं दुकानाच्या फळीवर बसून विचारणारे होते. तुम्ही त्यांना सांगायचात, तुम्ही बुडाल तेव्हा कळेल. पहिल्याच पावसाळ्यात सेनेने सात माणसं बाहेर काढली, तेव्हापासून तेच लोक सेना हा शब्द सरळ तोंडाने उच्चारायला लागले.

सेनेची खूण म्हणजे दंडावरची तांबडी पट्टी. त्या पट्ट्या आपल्या घरी शिवल्या जायच्या, आई आणि मी मिळून, हाताने. यादी माझ्याकडे होती. एकदा तुम्ही विचारलंत किती झाल्या, मी म्हटलं बहुतेक तीस. तुम्ही जेवता जेवता थांबलात आणि म्हणालात, बहुतेक हा आकडा नव्हे. आज इतक्या वर्षांनी दूधवाल्याच्या कॅलेंडरवर खूण करतानासुद्धा मला ते ऐकू येतं.

आईने त्या पट्ट्यांत काय घातलं होतं ते तुम्हाला फार उशिरा कळलं. दुमडीच्या आत, दोन शिवणींच्या मध्ये, देवीच्या ओटीतले पाच तांदूळ, कुंकवाने माखलेले. पाण्यात उतरणाऱ्याला देवीने सोडू नये म्हणून. तुम्हाला असलं काही चालायचं नाही, म्हणून ते फक्त आईला आणि मला ठाऊक. आई प्रत्येक पट्टी बंद करताना डोळे मिटायची. मीही मिटायची.

आता पुढचं. तुम्ही समोर असता तर हे माझ्या तोंडून निघालं नसतं. विसर्जनाच्या आधी आईला ताप भरला, शेवटच्या नऊ पट्ट्या राहिल्या होत्या, आणि मी नेमकी बाजूला बसले होते. चौथा दिवस व्हायचा होता. शिवणकाम करायला हरकत नव्हती, पण देवीच्या तांदळांच्या डबीला हात कसा लावणार? तुम्ही दारातून विचारलंत, उद्या सकाळी मिळतील ना? मी हो म्हटलं. पट्ट्यांचा नेहमीचा निळा दोरा संपला होता, काळ्या दोऱ्याने शिवल्या, आणि नऊच्या नऊ पट्ट्या रिकाम्या बंद केल्या. आईला वाटलं, तांदूळ शेजारच्या काकूंकडून टाकून घेतले असतील. तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. त्या विसर्जनाला मी घाटावर आलेच नाही. घरात बसून नऊ माणसांसाठी स्तोत्र म्हणत होते. सगळे वर आले. मासोळीची तेवढी पट्टी पाण्यात वाहून गेली, तुम्ही त्याला सगळ्यांसमोर रागावलात, आणि मी यादीत त्याच्यापुढे लिहिलं, हरवली.

मग दसऱ्यानंतर पेठेतल्या शेटजींचं सुरू झालं. घाटाची ती जागा त्यांना वखारीसाठी हवी होती आणि सेना हलायला तयार नव्हती. एक दिवस कुणीतरी सेनेच्या नावेचा दोर कापला. त्या संध्याकाळी तुम्ही आणि मासोळी बाहेरच्या खोलीत बसला होतात, मी आत गहू निवडत होते. तुम्ही म्हणालात, "घरातलं कुणी गेल्याशिवाय त्या शेटला कळायचं नाही." मासोळी म्हणाला, खरं हाय, कमांडर. माझा हात गव्हातच राहिला.

तिसऱ्या दिवशी शेटजींची पाच वर्षांची पुतणी नाहीशी झाली. त्यांच्या परसात, भिंतीच्या कडेला, तांबडी पट्टी सापडली.

आप्पा, तसली भीती मला पुढे बाळंतपणातही वाटली नाही. नळावर मी घागर लावली की बायका बोलायच्या थांबत. शाळेत बाईंनी मला पहिल्या बाकावरून उठवून मागे बसवलं, कारण दिलं नाही. शेटजींची माणसं आळीच्या तोंडाशी उभी राहून आपल्या दाराकडे बघत. मासोळीकडे पट्टी नव्हती, म्हणून त्याला दुपारीच चौकीवर नेलं, आणि त्याची बायको, तिला सातवा महिना होता, आपल्या पायरीवर येऊन बसली. रडली नाही, काही मागितलं नाही. आईने चहा दिला तो तिने पदराआड ठेवला आणि तसाच गार होऊ दिला. तुम्ही मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे कवायत घेतलीत. एक जागा रिकामी ठेवून. लोक गच्च्यांवरून बघत होते. कवायत झाल्यावर तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, पट्ट्या उतरवा आणि माझ्या घरी आणून द्या, मी स्वतः चौकीवर नेणार, मोजून.

एक्केचाळीस पट्ट्या आपल्या पाटावर पडल्या. त्या ढिगाकडे बघत आई एकदम म्हणाली, अहो, तुम्हाला एक सांगायचंय, आणि तांदळाचं बोलून टाकलं. तुमचा चेहरा आठवतो. माझ्या माणसांच्या दंडांवर मला न विचारता हे काय बांधलंत म्हणून तुम्ही किती बोललात. मग थांबलात. सापडलेली पट्टी कुणीतरी नक्कल करून शिवली असेल तर ती आतून रिकामी निघेल, हे तुमच्या लक्षात आलं. तुम्ही आईला विचारलंत, "प्रत्येकात आहेत?"

आई म्हणाली, प्रत्येकात. आणि तिने माझ्याकडे पाहिलं. तुम्हीही पाहिलंत. मी मान डोलावली.

तुम्ही फौजदारांना निरोप द्यायला गेलात. दिवेलागणीला आई देवापुढे बसली आणि मी पट्ट्यांची मोजणी करायला बसले. काळ्या दोऱ्याच्या आठच निघाल्या. पुन्हा मोजल्या. आठच. म्हणजे मासोळीची वाहून गेलेली पट्टी माझ्या नवांतली होती. चौकीतल्या टेबलावर पडलेली पट्टी उद्या रिकामी निघाली तरी ती त्याची नव्हे असं कुणी म्हणू शकत नव्हतं. हे जगात एकट्या मला माहीत होतं. तुम्हाला सांगावं म्हणून दोनदा दारापर्यंत गेले. सांगितलं असतं तर तुम्ही जसंच्या तसं फौजदारांना सांगितलं असतं, एवढी मी तुम्हाला ओळखत होते. बाकीच्या सगळ्या भरलेल्या निघाल्या तरच ती परकी ठरणार, म्हणून मी त्या आठ पट्ट्या उसवल्या. डबीतले तांदूळ मोजके होते, आईला कळलं असतं, म्हणून स्वयंपाकघरातले साधे तांदूळ घेतले, तळहातावर कुंकू घालून चोळले, पाच-पाच आत टाकले आणि पुन्हा शिवलं. देवीचं नाव घ्यायचं धाडस झालं नाही.

सकाळी तुम्ही आईला आणि मला बरोबर घेतलंत, शिवणाऱ्यांनी समोर असावं म्हणून. फौजदार पन्नाशीचे, इथलेच. त्यांनी आधी सांगून टाकलं, "हवालदारसाहेब, देवीची साक्ष आम्ही नोंदवून घेत नाही. पण बघायला काय जातं." त्यांनी ब्लेडने आधी ती सापडलेली पट्टी उसवली. काळा दोरा होता. आत काही नाही. कोपऱ्यात मासोळी उकिडवा बसला होता, त्याचा ओठ सुजला होता. मग आपल्या पट्ट्या, एकेक. तुम्ही ताठ उभे, प्रत्येक पट्टीला मोठ्याने आकडा म्हणत होतात. तांदूळ टेबलावर पडत होते. शेटजींचे मुनीम आधी हसत होते, विसाव्या पट्टीच्या सुमारास दाराकडे बघायला लागले. माझ्या आठ आल्या तेव्हा मी आईच्या मागे सरकले. जुन्या पट्ट्यांतलं कुंकू घामाने, पाण्याने विटून गुलाबीसुद्धा राहिलं नव्हतं. माझे दाणे लालभडक. फौजदारांनी एक दाणा नखावर घेतला. माझ्याकडे पाहिलं.

"हे ताजे दिसतात."

तुमचा आकडा थांबला. आई पदर सावरून म्हणाली, "तेवढ्या मागाहून शिवल्या." त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. फौजदारांनी दाणा बाकीच्या दाण्यांत टाकला आणि तुम्हाला म्हणाले, पुढे मोजा.

एक्केचाळीस झाल्यावर त्यांनी ती रिकामी पट्टी उचलून विचारलं, मग ही शिवली कुणी? तुम्ही म्हणालात, ते शोधणं आपलं काम. त्या दिवशी पोलीस पेठापेठांतल्या शिंप्यांकडे फिरले. दुसऱ्या दिवशी एक शिंपी बोलला. मुनिमांनीच कवायतीत बघून ठेवलेली पट्टी त्याला समजावून सांगितली होती आणि तशी एक शिवून घेतली होती. मुलगी मांजरी गावात शेटजींच्या साडूच्या उसात सापडली, कांडं चोखत, तिला वाटत होतं आपण सुट्टीला आलोय. मासोळी सुटून आला तो थेट तुमच्या पायांवर. शेटजींना जामीन द्यायला पेठेतलं कुणी पुढे झालं नाही, आणि वखारीचं नाव पुन्हा निघालं नाही. तुम्ही कुणाला टोमणा मारला नाहीत. घरी येऊन एवढंच म्हणालात, तांदूळ घालत जा, पण यादीत तसं लिहीत जा.

आईने मला कधी काही विचारलं नाही. त्या रात्री जेवताना तिने माझ्या पानात तुपाची धार जरा जास्त धरली, बस्स. तिला किती कळलं होतं ते ती घेऊन गेली.

पुढे अनेक वर्षांनी, माझा दीर नदीत गेला आणि शोधायला दोन दिवस नाव मिळेना, तेव्हा मला तुमचं ते वाक्य उमगलं. ज्याच्या घरातलं कुणी पाण्यात गेलं नाही त्याला नावेचं मोल कळत नाही, एवढंच तुम्ही मासोळीला सांगत होतात. मी आत गहू निवडत बसलेली, मला दुसरंच कळलं होतं.

हे पत्र कुठे जायचं नाही. पानं डायरीतच राहतील, मी नदीतही सोडणार नाही, तिथे आता सोडायला पाणी कुठे आहे. फक्त एक लिहून थांबते. मासोळीच्या घरात तुमच्या फोटोला मला हात जोडवले नाहीत, याचं कारण ते खोटे तांदूळ नव्हेत. सेनेवर विश्वास होता म्हणून मी ते भरले नव्हते. मुलगी तुमच्याच माणसांनी उचलली अशी माझी खात्री झाली होती, आणि उचला म्हणणारे तुम्ही. पाठवणीच्या वेळी पाया पडून उठताना मी वर बघितलं नाही, तेव्हा तुम्ही म्हणालात, रडू नकोस. मी रडत नव्हते, आप्पा. आपली मुलगी आपल्याला काय समजली होती, ते तुम्हाला माझ्या डोळ्यांत दिसेल, याची भीती वाटत होती.