काकूंच्या पिंपातलं पाणी

प्रिय आई,

पाया पडते. मी बरी आहे. बाबांचा खोकला कमी झाला का?

तू विचारलंस, पाऊसच नाही तर डास कुठून? अगं, पाऊस लांबला की लोक पाणी साठवतात, आणि अशा उकाड्यात उघड्या पिंपात आठवड्याभरात डास तयार होतात. घरोघरी हेच सांगत फिरायची माझी नोकरी.

परवा साहेब आमच्याच इमारतीत तपासणीला आले. जिन्याखालच्या पिंपात अळ्या निघाल्या. पिंप घरमालकीणकाकूंचं. त्यांचे गुडघे दुखतात म्हणून मी ते भरून द्यायचे. झाकण ठेवा, हे सांगून माझं तोंड दुखलं होतं.

साहेबांनी विचारलं, तर काकू म्हणाल्या, “हिचंच पिंप. नेहमी हीच भरते, विचारा कुणालाही.”

शेजारणींनी मान डोलावली. भरताना त्यांनी पाहिलंच होतं ना.

“लोका सांगे ब्रह्मज्ञान,” साहेब म्हणाले. बाकीचे हसले.

काळजी करू नकोस, नोकरी गेलेली नाही. चौकशी होईपर्यंत घरी बसायचं, एवढंच.

संध्याकाळी काकू दारात आल्या. “मनाला लावून घेऊ नकोस. तू त्यांच्यातलीच, तुला सोडतील. मला दंड झाला असता.” जाता जाता म्हणाल्या, “उद्या नळ येईल. भरशील ना?”

आई, इथं मी त्यांना तुझ्या जागी मानत होते. तसं त्यांना कधी बोलून दाखवलं नाही, तेवढंच बरं झालं.

बाबांना यातलं काही सांगू नकोस.

तुझी,
धाकटी