पुलीच्या बोल्टावरचा हात

उस्ताद, काल तुमची मुलगी माझ्या गॅरेजवर आली होती. मेडशीच्या शाळेत शिकवते, रिसोडहून स्वतः गाडी चालवत जाते. टायमिंग बेल्ट बदलायचा होता. तिला परत पाठवावं असं मनात आलं, कारण तिचं नाक तुमचं आहे आणि ते नाक मला सहन होत नाही. पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. बेल्टपर्यंत पोचायचं तर आधी इंजिनासोबत फिरणारी क्रँकची पुली काढावी लागते, आणि पुलीचा तो एकच बोल्ट काही केल्या हलेना. ती स्टुलावर बसून बघत होती. माझ्या तोंडात शिव्या येत होत्या, बोल्टाला नाही, तुम्हाला.

तुमची पद्धत सगळ्या रिसोडला माहीत होती. पान्याला पाइप घालायचा, त्याचं टोक चेसिसला अडकवायचं आणि सेल्फ मारायचा. इंजिन फिरायला बघतं, पाना अडतो, बोल्ट कट्कन सुटतो. त्याआधी डिझेल पंपाची वायर काढायची, म्हणजे इंजिन नुसता झटका देतं, सुरू होत नाही. हे मला तुम्हीच शिकवलं होतं. मग त्या दुपारी काय झालं? जीपवाला घाई करत होता आणि तुम्हाला त्याच्यासमोर रुबाब दाखवायचा होता. पाइप सरकत होता म्हणून तुम्ही मला तो धरायला लावलात. मी म्हणालो, "उस्ताद, वायर काढाची राह्यली."

"मले शिकवून राह्यला का बे? धर गुमान!"

मी धरतो. तुम्ही सेल्फ मारता. इंजिन धडधडत सुरू होतं, पाइप उसळतो आणि माझं मनगट चेसिसवर चिरडतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, तर माझ्याआधी तुम्ही बोललात. "पोट्टं नवीन हाये साहेब, हात मधात घातला." नवीन! माझी सगळी उमेदीची वर्षं तुमच्याकडे गेली होती. आपल्या धंद्यात माणूस ठेवण्याआधी "उस्ताद कोण?" असं विचारतात आणि मग त्या उस्तादालाच विचारून येतात, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. काम मागायला गेलो तर मालेगावात, अगदी किन्हीराजाच्या फाट्यावरच्या टपरीतसुद्धा मला तुमचंच वाक्य ऐकायला मिळालं: "हात मधात घालणारा तूच काय?" मनगट वाकडं जुळलं, ते एक वेळ चालेल. नाव वाकडं झालं, त्याचं काय? दर ईदला तुम्ही शीरखुर्म्याचा डबा घरी पाठवत होतात. मी तो नालीत ओतत होतो. मला खीर नको होती. चौकात चार लोकांसमोर तुमच्या तोंडून एक खरं वाक्य हवं होतं, आणि ते न बोलताच तुम्ही मरून मोकळे झालात.

काल मी पुली अडवायला लोखंडी पट्टा बसवला, लांब पाइप घातला आणि अंगाचं वजन टाकलं. सुटला. सेल्फला हातही लावला नाही. असाही सुटतो तो, उस्ताद, कोणाचं हाड न मोडता.

बेल्ट बसवताना तिचं लक्ष माझ्या मनगटाकडे गेलं. "भाऊ, हे कसं झालं होतं? अब्बा तं कधी सांगतच नव्हते. विषय काढला का ताटावरून उठून जात."

म्हणजे बाजारात बोलके आणि घरात मुके! खरं सांगायची वाक्यं माझी कधीची पाठ होती. पण ती अशी घाबरून बघत होती की मी म्हणालो, "काही नाही ताई, माझाच हात मधात गेला."

तिनं मोठा श्वास सोडला. "हो का? मले तं इतके दिवस वाटे, अब्बाचीच चूक असंन."

ऐकलंत? तुमच्या गोष्टीवर विश्वास न ठेवणारं एकच माणूस या मुलखात होतं, तेही तुमच्याच घरात, आणि तिला तुमची गोष्ट मी पटवून दिली. ती गेल्यावर मी हातातला पाना भिंतीवर फेकून मारला. तुम्हाला माफ केलेलं नाही, करणारही नाही. हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून एवढं लिहून टाकतो: गाडीत बसताना ती हलकी होऊन हसली, आणि मला बरं वाटलं.