नर्मदेनंतर आई

१८ डिसेंबर, गुरुवार

पडले. परवा पहाटे निघायचं आणि आज संध्याकाळी पडले. दाराबाहेर पायऱ्या दोनच, त्यातल्या खालचीवर प्रो.ची पुस्तकांची थैली. नवरा इतिहासाचा प्रोफेसर असला की रिटायर झाल्यावरसुद्धा घरात पाय ठेवायला जागा उरत नाही, हे ठाऊक होतं. आता पायरीही गेली. माझ्या दोन्ही हातांत लिल्या, म्हणजे बडोद्याच्या ओल्या चिवड्याचे डबे. डावा पाय थैलीवर, आणि मग मी थैलीसकट खाली.

पहिलं वाक्य काय, तर "अगं, बघून चालायचंस ना!" उचलायला नंतर आले.

"थैली इथे ठेवली कोणी?" मी जमिनीवरूनच विचारलं. प्रो. म्हणाले, निखिलने. नि. म्हणाला, "बाबा, मी तुमच्या पुस्तकांना हात तरी लावतो का कधी?" खटला तिथेच बरखास्त. सून केतकी तेवढी बर्फ घेऊन आली. शेजारच्या बेन कंपाउंडवरून ओरडल्या, "बहु वाग्युं?" फार लागलं का म्हणून. म्हटलं, हो, चांगलंच वागलं. चिवडा सगळा अंगणात.

डॉक्टर म्हणाले, "हाडकुं नथी भांग्युं, बेन." हाड मोडलं नाही, लिगामेंट दुखावलंय. पट्टा बांधला, तीन आठवडे पायावर भार नाही. प्रो.नी लगेच विचारलं, "गाडीने तंजावरला निघालोय, जाता येईल ना?" डॉक्टर म्हणाले, "बेसवामां वांधो नथी. चलाववानुं नहीं." बसायला हरकत नाही म्हटल्यावर यांचा चेहरा असा खुलला! चालवायचं नाही, हे कानावर पडलंच नाही कुणाच्या.

डावा पाय, म्हणजे क्लचचा. संपलं माझं.

१९ डिसें., शुक्र.

जे ठरलं होतं ते लिहून ठेवते, कारण या घरात फक्त मलाच आठवतंय असं दिसतं. बडोदे ते भरूच नि. चालवणार. "नर्मदेनंतर आई." हे नि.चे शब्द, नवरात्रात, जेवताना, सगळ्यांदेखत. पूल ओलांडला की गाडी बाजूला घ्यायची आणि मी स्टिअरिंगवर. नाशिकपर्यंत.

बँकेतून रिटायर झाल्यावर गाडी शिकले मी. वर्षभर दर शनिवारी नि.ला सावली गावात त्याच्या कंपनीत मी सोडलंय. ट्रक, ट्रॅक्टर, उसाच्या गाड्या, मधेच बसकण मारलेल्या म्हशी, सगळ्यांतून. कुठे एक ओरखडा नाही. प्रो. एकदाही शेजारी बसले नाहीत. दर शनिवारी लेख चालू असायचा. कसला मेला लेख, एक छापून आलेला पाहिला नाही.

सकाळी प्रो. मांडवीच्या बाजारात गेले आणि माझ्यासाठी काठी आणली. मुठीला पितळी सिंहाचं तोंड! म्हणे, "शोभते तुला." कुणा सरदाराच्या तसबिरीतून उठून आल्यासारखी दिसते मी.

दुपारी जे ऐकलं ते लिहू नये असं वाटतंय. पण लिहिते. आत पडले होते, प्रो. बाहेर फोनवर, प्रतापनगरच्या ताईंशी, म्हणजे माझ्या नणंदेशी. "पडली खरी. पण एका परीने बरं झालं बघ. हायवेवर हिच्या हातात गाडी म्हणजे..." आणि हसले.

बरं झालं!

माझा पाय हा एवढा सुजलाय, आणि बरं झालं! पस्तीस वर्षं यांच्या स्कूटरच्या मागे बसले. दोनदा पाडलंय मला, एकदा तर भर मांडवीत, बाजाराच्या दिवशी. तेव्हा कोणाला फोन केला नाही मी.

उठले, सिंह टेकत बाहेर गेले आणि सांगितलं, "मी येत नाही. गाडी माझ्या नावावर आहे, तीही येत नाही."

एकच गोंधळ. "असं काय करतेस?" "आई, रजा घेऊन बसलोय गं, हॉटेलं बुक झालीत." का येत नाही, ते सांगितलं नाही. सांगून काय? केतकी आली, माझ्या साड्यांच्या घड्या करत बसली. संध्याकाळी प्रो. म्हणाले, तू राहिलीस तर सोबतीला ताईला बोलावतो. त्यापेक्षा तंजावर बरं, असं म्हणून मी बॅग भरायला सांगितली.

२० डिसें., शनि. नाशिक

निघालो. पुढे नि. आणि के. मागे मी आडवी, उशीवर पाय, आणि उशी प्रो.च्या मांडीवर. इतक्या वर्षांत माझा पाय पहिल्यांदाच त्यांच्या मांडीवर, तर हे त्यावर पुस्तक टेकवून वाचतायत! गावाबाहेर कपुराईच्या चोकडीला, चौकातच, गचका बसला. मी कळवळले. "पान हललं," म्हणाले.

मुलगा कसा चालवतो ते मागून बघायची वेळ कधी आली नव्हती. एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्या हातात भजी. पुढच्या टँकरला जाऊन चिकटतो. मी मागे उजवा पाय दाबतेय, ब्रेक असल्यागत. "आई, रिलॅक्स!" हे मी केलं असतं तर? गाडी थांबवून उतरवलं असतं मला.

मग पूल. प्रो.नी हात जोडले आणि नर्मदेवर दहा वाक्यं बोलले. के.ने फोटो काढले. पूल संपला आणि गाडी सरळ पुढे गेली. जायचीच होती. थांबायला कारणच नव्हतं, इतकं मलाही कळतं. पण एक शब्द? "आई, आज इथून तुझी पाळी होती," इतकं तरी? कुणाला आठवलंही नाही. मी खिडकीकडे तोंड करून बसले, तर प्रो. विचारतात, "ऊन लागतंय का?"

२१ डिसें., रवि. पुणे

केतकीच्या माहेरी मुक्काम. विहीणबाई दारात. "अगंबाई, काय झालं पायाला?"

म्हटलं, "पायरीवर पडले. चांगलंच वागलं."

"कोण चांगलं वागलं?"

"पायाला वागलं."

"पाय वागला?" आणि हसत सुटल्या. नि.ने समजावून सांगितलं की गुजरातीत वागणं म्हणजे लागणं, मार बसणं, आणि आमच्याकडे मराठीतही तसंच म्हणतात. तरी हसतायत. जेवायच्या टेबलावर पुन्हा, "वाढू का, की वागेल?" केतकीसुद्धा हसली. तीन वर्षं आमच्या घरात राहतेय, रोज ऐकतेय!

आमच्या तीन पिढ्या बडोद्यात गेल्या. तिथल्या मातीवर पडलो तर तिथल्या भाषेत पडणार. तुमच्या पुण्यात पडले असते तर लागलं असतं मला. जेवणावर वासनाच राहिली नाही. मटार उसळ छान होती, ते वेगळं.

२२ डिसें., सोम. हुबळी

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

कोल्हापूर सोडल्यावर चहाला थांबलो. प्रो. आणि नि. चहा आणायला गेले. मी मागच्या सीटवर, दार उघडं, पाय बाहेर काढून. के. समोर उभी राहून पट्टा सैल करत होती. खाली मान घालूनच म्हणाली, "आई, शुक्रवारी मीही ऐकलं होतं. मी स्वयंपाकघरात होते. बाबांचं ते 'बरं झालं'." मग वर बघून, अजिबात न हसता म्हणाली, "फार वागलं ना तुम्हाला?"

मला रडूच फुटलं. हायवेवर, लोकांदेखत. इतके दिवस पायासाठी नव्हते रडले.

तेवढ्यात प्रो. दोन्ही हातांत कप घेऊन हजर. "काय झालं? दुखतंय का?"

मग मात्र मनात ठेवलं नाही. म्हटलं, "ताईंना फोनवर काय सांगत होतात? बरं झालं? माझा पाय मुरगळला ते बरं झालं?"

कप तसेच धरून उभे. मग म्हणाले, "मला भीती वाटते गं."

"मग मला सांगायचंत ना, भीती वाटते म्हणून! ताईंशी हसत काय बसलात? आणि निखिल भजी खात चालवतो तेव्हा कुठे जाते भीती? तेव्हा तर पुस्तक वाचता!"

नि. मागे उभा राहून ऐकत होता, तो म्हणाला, "आई, नर्मदेवर माझ्या डोक्यात आलं होतं. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही." घ्या! सगळे माझ्यासाठीच गप्प.

चहा गार झाला होता. तसाच प्यायले. हुबळीपर्यंत पुस्तक उघडलं नाही त्यांनी. पायही धड धरला होता, गचका बसला की उशीसकट वर उचलायचे. हे आधी सुचलं असतं तर?

२३ डिसें., मंगळ. हुबळी, सकाळी

नाश्त्यानंतर पार्किंगमध्ये नि.कडे किल्ली मागितली. त्याने बापाकडे बघितलं. "बाबांकडे काय बघतोस? गाडी कुणाची?" के.ने त्याच्या हातातून काढून माझ्या हातात दिली.

नुसती बसले. इंजिन बंद. सीट पुढे घ्यावी लागली, नि.चे पाय लांब. आरसाही नीट केला. आरशात प्रो. दिसले, पुस्तकांची थैली पोटाशी धरून उभे. ती आता कुठेही खाली ठेवत नाहीत, पण पायरीवर कोणी ठेवली ते अजून मान्य नाही.

खिडकीशी आले. "डॉक्टरांनी तीन आठवडे सांगितलेत."

"मोजता येतं मला. बँकेत होते."

डावा पाय क्लचवर ठेवला आणि दाबला. डोळ्यांसमोर काजवे चमकले.

"दुखतं?"

"हो."

"मग कशाला..." इतकंच म्हणाले आणि थांबले. हात मात्र दारावरून काढला नाही.

पुन्हा दाबला. अर्धा गेला.

येतानाही नर्मदा लागतेच.