शिंपल्याच्या दालनातला तेरावा बांबू

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
बांधकाम विभाग, राष्ट्रीय प्रदर्शन.

विषय : प्रवेशद्वारातील तेरावा बांबू उतरवून माझ्या ताब्यात देण्याबाबत.
संदर्भ : आपले नकाराचे पत्र, दि. २१.

महोदय,

दि. ९ रोजी सकाळी अकरा वाजता रुग्णालयात डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून पत्नी गेल्याचे सांगितले. कोयता तेव्हाही माझ्या हातातच होता.

आम्ही दोघे बांबूकाम करीत होतो. ओला बांबू वाकवून दोराने ताणून ठेवायचा आणि सुकला की दोर कापायचा. सुकला की नाही हे पत्नी गाल लावून पाहत असे. गार लागला तर आत पाणी आहे, दोर कापताच तो उसळतो. तिने हो म्हटल्याशिवाय मी वीस वर्षांत एकही दोर कापला नव्हता.

आपले शिंपल्याच्या आकाराचे दालन अशा तेरा बांबूंचे. त्या सकाळी ती तेराव्याचा बुंधा खांबाला बांधत होती. गाल लावून म्हणाली, "अहो, हा गार आहे. दोन दिवस थांबा." मुकादम ओरडला, "उद्या उद्घाटन आहे! बाई काय इंजिनिअर लागून गेली? काप!" ती म्हणाली, "मग तुम्हीच गाल लावा, मुकादम." सगळे हसले. त्याने मला आईवरून शिवी दिली. मी कापला.

बांबू सुटून तिच्या जबड्यावर बसला. मान मोडली, तो आवाज मला बांबू तडकल्याचा वाटला. मी आधी बांबूकडे पाहिले. नंतर मुकादमाचे दोन दात पाडले, ते नाकारत नाही.

तोच बांबू धुऊन, पुन्हा वाकवून दारात लावला आहे. लोक त्याखाली फोटो काढतात. शेजारी पाटी आहे : 'या वास्तूने एकाही जिवाला इजा केलेली नाही.' आपण लिहिता, शिंपल्याप्रमाणे यातला एकही भाग काढता येत नाही. येतो. दालन बारांवर उभे राहते. ते मी उभारले आहे.

आठ दिवसांत बांबू न मिळाल्यास मी कोयता घेऊन येईन. मध्ये येईल त्याची गय करणार नाही. ही धमकीच समजावी. मिळाल्यास त्याची खांडोळी करून जाळीन आणि घरी जाईन.

बुंध्याला तिने घातलेले दोन वेढे अजून आहेत. तिसरा वेढा आणि गाठ राहिली आहे.

आपल्या दालनाचा दोर कापणारा,
(सही)
दि. २४

सोबत : कापलेल्या दोराचा तुकडा.