दारातली कॉर्ड

फ्रुंझे, ३ एप्रिल १९७९

चि. मीरिम हिस,
ताईचे अनेक आशीर्वाद, आणि पत्र न पाठवल्याबद्दल कानाला एक चिमटा.

आमच्या संगीत महाविद्यालयात काल नारिनच्या शिक्षण खात्यातल्या एक बाई आल्या होत्या. चहा पिताना सगळ्यांना सांगत होत्या की आत-बाशीच्या संगीतशाळेत एक तरुण बाई आहे, तिची आठ-नऊ वर्षांची पोरं डोळे मिटून एकदम वाजवलेल्या सुरांची कॉर्ड ओळखतात, आणि तिच्या खुल्या तासाला सगळं सभागृह हसून लोटपोट झालं. मी मिशा असत्या तर पिळल्या असत्या अशा तोऱ्यात म्हटलं की ती माझी धाकटी बहीण. तेव्हापासून सगळे मला विचारताहेत की ती नेमकं करते काय, आणि मला ठाऊक असेल तर शपथ.

आमच्याकडे सोळा वर्षांची धटिंगणं तीन सूर आणि त्यांमधली अंतरं पाढ्यासारखी घोकतात आणि परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी विसरतात. तेव्हा भाव न खाता सगळं सविस्तर कळव. तुझ्या सासूबाईंना सांग, त्यांनी विणलेले मोजे घालूनच मी वर्गावर जाते. सुनेच्या पियानोसाठी बैठकीतली स्वतःच्या लग्नातल्या गोधड्यांची थप्पी उचलून मागच्या खोलीत नेणारी सासू मी अजून दुसरी पाहिलेली नाही, हे मी इथे सगळ्यांना ऐकवत असते.

तुझ्या टिलेकला आशीर्वाद. लोभ आहेच, तो शिळा होऊ देऊ नये.
तुझी ताई,
नुरिपा


आत-बाशी, १० एप्रिल

ती. ताईस,
मान खाली घालून सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मला रडू आलं. ज्या तासाचं कौतुक तुझ्या कानावर आलं, तो आठवला की माझी कानशिलं तापतात. म्हणूनच लिहिलं नव्हतं. आता विचारलंसच तर ऐक, आणि मला वाचवायचा प्रयत्न करू नकोस.

सासरच्या थोरांची नावं आपल्या जिभेवर येत नाहीत, म्हणून प्रत्येक सून त्यांना दुसरी नावं पाडते आणि मनातल्या मनात त्याच नावांनी त्यांच्याशी भांडते. मीही पाडली होती. या हिवाळ्यात वर्गात कॉर्ड काही केल्या पोरांच्या डोक्यात शिरेना. एक दिवस वैतागून मी मेजर कॉर्ड वाजवली आणि म्हटलं, हे बघा, हे उंच टोपीवाले. बैठकीत मानाच्या जागी पोट पुढे काढून बसलेत, सगळं मनासारखं आहे, कुठे जायची घाई नाही. हे माझे थोरले दीर. मायनर वाजवली आणि म्हटलं, हा ओला रुमाल. मेंढी कापताना हिला रडू येतं आणि खाताना मोठा तुकडा हिचाच असतो. ही नणंद. सातवा सूर जोडलेली कॉर्ड म्हणजे भुकेला, म्हणजे टिलेक, ज्याला ताट समोर येईपर्यंत धीर निघत नाही. पोरं हसली आणि एका आठवड्यात पक्की झाली. चोल्पोन नावाची एक चुणचुणीत पोर आहे, तिचा बाप सांगत होता की परवा ट्रॅक्टर सुरू होताना तिने ऐकलं आणि भुकेला, भुकेला म्हणून ओरडली.

चौथी राहिली होती. तीन सूर अंग चोरून जवळ बसतात ती, ऐकणाऱ्याला अस्वस्थ करणारी. ती मी सासूबाईंना दिली.

मी घरी सरावाला बसले की त्या बैठकीच्या दारात येऊन उभ्या राहतात. आत येत नाहीत आणि जातही नाहीत. एक खांदा चौकटीला टेकलेला, डोक्याच्या रुमालाचं टोक दातांत. मला वाटायचं, पहारा आहे. दूध चुलीवर ठेवून ही इथे काय बडवत बसली आहे, असं म्हणत असणार. पाठीला डोळे टोचायचे आणि माझी बोटं चुकायची. म्हणून त्या कॉर्डचं नाव ठेवलं दारातली. नुसतं नाव नाही, ताई, मी पोरांना नक्कलही शिकवली. खांदा, मान, दातातलं टोक, सगळं.

खुल्या तासाला पाहुणे येणार म्हणून मी शहाणपणा करून पोरांकडून दुसरी नावं पाठ करून घेतली होती. घोडा, मेंढी, कोल्हा, अस्वल. सासूबाई येतील असं वाटलंच नव्हतं. त्या नवा रुमाल बांधून, फडक्यात गरम तळलेले पिठाचे बोरसोक घेऊन आल्या. वडीलधाऱ्या म्हणून लोकांनी त्यांना पहिल्या रांगेत बसवलं.

मी पहिली कॉर्ड वाजवली आणि घोडा म्हणायच्या जागी पोरं एका सुरात उंच टोपी म्हणाली. लोक हसले. खात्याच्या बाई पुढे सरसावल्या. मी तिथेच थांबवायला हवं होतं. पण ते हसू मला गोड लागलं. ओल्या रुमालाला तर सासूबाईच सगळ्यांत जास्त हसल्या, शेजारणीच्या मांडीवर थाप मारून. आपल्या लेकीला त्यांनी बरोबर ओळखलं होतं. मग मी चौथी दाबली. सासूबाई समोर आहेत हे विसरले असं तुला लिहिलं तर ते खोटं होईल. मला दिसत होत्या. तरी दाबली.

चोल्पोन उठली, हवेतल्या चौकटीला खांदा टेकला आणि रुमालाचं टोक दातांत धरल्यासारखं केलं. आत-बाशी केवढीशी, त्यांची ती सवय कोणाला माहीत नाही. सगळे एकदम हसले आणि मग एकेक जण पहिल्या रांगेकडे बघायला लागला. त्या वेळी सासूबाईंच्या दातांत रुमालाचं टोक होतंच. त्यांनी ते काढलं, त्याच्याकडे पाहिलं आणि सोडून दिलं. चेहऱ्यावरचं हसू मात्र तसंच राहिलं, त्याचं काय करावं हे त्यांना सुचत नव्हतं. पुढची कॉर्ड मी वाजवलीच नाही, पोरांना म्हटलं तास संपला.

त्यांनी बोरसोक सगळ्या मुलांना वाटले. चोल्पोनच्या कपाळाचा मुका घेतला. मला म्हणाल्या की मुलं हुशार आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी कोचकोरला नणंदेकडे निघून गेल्या. कोकरं व्हायचे दिवस आहेत, तिथे हात कमी पडतात, असं म्हणाल्या. एका शब्दाने बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

आता दार रिकामं आहे, आणि मला वाजवता येत नाही. टिलेक जेवतो आणि उठतो. खात्याच्या बाईंचा निरोप आला आहे की ही पद्धत नावांसकट लिहून द्या, छापून सगळ्या शाळांना पाठवू. म्हणजे माझी सासू प्रत्येक गावाच्या दारात उभी राहणार.

मी काय करू ते सांग. लोभ असावा, असं म्हणायला तोंड नाही, पण असावा.
तुझी,
मीरिम


फ्रुंझे, १७ एप्रिल

चि. मीरिम हिस,
अनेक आशीर्वाद. चिमटा या वेळी दोन्ही कानांना.

आधी माझं सांगते. ओल्या रुमालापर्यंत मी मोठ्याने हसले आणि चोल्पोनच्या नकलेलाही हसले. पुढच्या ओळी वाचल्यावर आरशात बघायची लाज वाटली, कारण मीही त्याच सभागृहात बसले होते असं झालं. इथल्या लोकांना मी काही सांगितलेलं नाही. विचारलं की सांगते, धाकटी भाव खाते आहे.

पोरांना दोष दिला नाहीस, हे एक बरं केलंस. बाकी सगळं गाढवपणाचं. ज्या बाईने तुझ्यासाठी बैठक मोकळी केली तिला तू गावाच्या हसण्यावर वाढलंस, आणि शिवाय तुला ते आवडलं. मला वाचवू नकोस म्हणालीस म्हणून वाचवत नाही.

आता काय करायचं ते ऐक. पहिलं म्हणजे ते छापणं थांबव. खात्याची बाई रागावली तर रागावू दे. दुसरं, टिलेकला मध्ये घालू नकोस, आई आणि बायको यांच्यात पुरुष माणूस नुसता ताटाशी जास्त वेळ बसतो. तिसरं, उठून कोचकोरला पाया पडायला जाऊ नकोस. लेकीच्या घरात, व्याह्यांच्या देखत सून रडत आली की कुठलीही बाई माफ केलं म्हणणारच. ती माफी नव्हे, ती वसुली झाली. पत्र लिही. वाचायचं की चुलीत घालायचं ते त्यांच्या हातात राहू दे. आणि पत्रात स्वतःची बाजू मांडत बसू नकोस, तुला ती सवय आहे.

लोभ कमी झालेला नाही, जरा रुसला आहे.
तुझी ताई,
नुरिपा


आत-बाशी, २२ एप्रिल

ती. आपा यांस,
तुमच्या सुनेचा वाकून सलाम.

पाकिटावर तुमचं नाव टिलेकने लिहिलं आहे. बाकी अक्षर माझं आहे.

तुमच्या दारात उभं राहण्याची नक्कल मुलांना मी शिकवली. त्या दिवशी थांबवू शकत होते, थांबवली नाही. मला तुमची लाज वाटत नव्हती, आपा, लोक हसत होते ते आवडत होतं. आता स्वतःची इतकी लाज वाटते की पाणी आणायला नदीवर गेले तर बायका बोलायच्या आत परतते. तुम्ही पहारा ठेवता असं मला वाटायचं. तसं असलं तरी घर तुमचं आहे, पहारा ठेवायचा तुमचा हक्क होता.

खात्याच्या बाईंना मी नाही म्हणून कळवलं. वर्गात सांगितलं की ते नाव चुकीचं होतं, घ्यायचं नाही. चोल्पोनने विचारलं की मग आता तिला काय म्हणायचं.

गोधड्या उन्हात घातल्या आणि पुन्हा रचून ठेवल्या. मुख्याध्यापकांशी बोलले आहे, ते पियानो शाळेत ठेवून घ्यायला तयार आहेत. तुम्ही हो म्हणालात की पियानो जाईल आणि थप्पी तिच्या जुन्या जागी बैठकीत येईल. तुम्ही यावं एवढंच मागणं आहे. माझ्याशी बोलला नाहीत तरी चालेल.

तुमची सून,
मीरिम


कोचकोर, २ मे

सौ. मीरिम हिस,
आपाचा आशीर्वाद. माझं अक्षर मोठं आहे, मोठेपणी शिकले म्हणून. जास्त कागद लागला तर लेक ओरडते, तेव्हा थोडक्यात लिहिते.

मला फार लागलं होतं. बसमध्ये डोलोनच्या घाटात मी तुला मनात जेवढ्या शिव्या देता येतात तेवढ्या दिल्या. इथे लेकीलाही काही सांगितलं नाही, नाहीतर ती रडली असती आणि मग मोठा तुकडा तिलाच द्यावा लागला असता. तिचं नाव तू बरोबर ठेवलंस.

माझ्या सासूला मी थंड तवा म्हणायची. तिला ते मरेपर्यंत कळलं नाही. तुझ्यात आणि माझ्यात तेवढंच अंतर, तेव्हा नावाबद्दल मी काय बोलू. लोकांसमोर झालं ते झालं. ते मी विसरणार नाही, पण घेऊन बसणारही नाही.

मला लागलं ते तुझ्या पत्रातलं दुसरंच. तू लिहिलंस की मी पहारा ठेवत होते. पोरी, वडील माणसाने खोलीत पाऊल टाकलं की सुनेला उठून उभं राहावं लागतं. तुलाही तुझ्या आईने तेच शिकवलंय. एकदा तू नवीन असताना मी ऐकायला म्हणून आत आले, तर तू ताडकन उठलीस, झाकण लावलंस आणि चहा ठेवायला गेलीस. वाजवणं अर्धंच राहिलं. म्हणून मग मी उंबऱ्याच्या अलीकडे उभी राहायला लागले. उंबऱ्याच्या अलीकडे असलं की तुला उठावं लागत नाही. रुमाल दातांत धरायची ते खोकला येऊ नये म्हणून. दूध तर दोनदा माझंच उतू गेलं, ते तुला सांगितलं नाही.

त्या दिवशी सभागृहात तू ती वाजवलीस आणि थांबलीस. तेव्हापासून ते सूर माझ्या कानात तसेच अडकले आहेत. कोकरांना दूध पाजताना, चूल पेटवताना, सारखे. मला तुझ्यासारखं कळत नाही, पण एवढं कळतं की तिथे संपत नाही. पुढे काहीतरी यायचं होतं आणि तू आणलं नाहीस. तिला तशीच दारात ठेवलीस. पुढे कोण येतं ते मला ऐकायचं आहे.

चोल्पोनला सांग, नाव तेच ठेवा. मला चालेल. पियानो हलवायचा नाही, गोधड्या मागे आहेत तिथे बऱ्या आहेत, तिकडे कसर कमी लागते. शेवटचं कोकरू झालं की मी बसने येईन. पियानोजवळ एक जाड गादी घालून ठेव, माझे गुडघे आता उभं राहू देत नाहीत.

मी आत येईन तेव्हा उठायचं नाही. वाजवत राहायचं.

लोभ पहिल्यापासून होता, आत यायला वेळ लागला.
तुझी,
दारातली